पगार वाढवून मागायला हातात दुसरी ऑफर का लागते?

गेल्या महिन्यात माझ्या टीममधली एक मुलगी, मूळची लातूरची, साडेतीन वर्षं झाली तिला आमच्याकडे, ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेताना एकदम म्हणाली, मॅडम एक विचारू का, मी बाहेर इंटरव्ह्यू देतेय आणि इकडे सरांकडे हाइक पण मागायचीये, दोन्ही एकदम करणं म्हणजे फसवणूक होते का हो? घरी वडील म्हणाले म्हणे की ज्याचं मीठ खातो त्याच्या पाठीमागे असं करू नये. हे सांगताना तिने चहाचा कप हातात नुसता धरून ठेवला होता, एक घोट पण घेतला नव्हता, आणि चहावर साय धरली होती. मी तिला तिथे जे सांगितलं ते थोडक्यात होतं, पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं मत सरळ आहे. नोकरी शोधत असताना पगारवाढ मागणं यात काहीही गैर नाही. गैर आहे ती अशी व्यवस्था जिथे माणूस निघायची तयारी दाखवत नाही तोवर त्याच्या कामाची किंमतच ठरत नाही. आणि हे मी अठरा वर्षं आयटीत काढून, त्यातली सहा वर्षं टीम सांभाळून, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून म्हणतेय.

हाइक कशी ठरते ते आतून बघितलं की बऱ्याच जणांचा गैरसमज जातो. बहुतेकांना वाटतं मॅनेजर बसून विचार करतो की हिने काय काम केलं, हिला किती द्यावं. प्रत्यक्षात वरून एक आकडा येतो, समजा टीमच्या एकूण पगाराच्या ७ टक्के, आणि एक एक्सेल शीट येते. आता एकाला १२ द्यायचे तर दुसऱ्या दोघांना साडेचारवर आणावं लागतं, कारण बेरीज हलत नाही. त्या शीटमध्ये नाव, रेटिंग, सध्याचा पगार यांच्या शेजारी अजून एक कॉलम असतो, हा माणूस सोडून जायचा धोका किती. हाय, मीडियम, लो. मी पहिल्यांदा तो कॉलम भरला तेव्हा माझ्याकडे दोघी होत्या, काम जवळपास सारखंच. एक दर दोन महिन्यांनी लिंक्डइनवर काहीतरी टाकायची, मार्केटबद्दल बोलायची, तिच्यापुढे हाय लिहिलं. दुसरीचं घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर, मुलगा शेजारच्या शाळेत, कधी तक्रार नाही, तिच्यापुढे लो लिहिलं, आणि लिहिताना मला कळत होतं की मी तिचे पैसे कमी करतेय. झालंही तसंच. जी शांतपणे काम करत होती तिला त्या शांतपणाचीच किंमत मोजावी लागली आणि तिला ते आजही माहीत नाही. हे माझ्या मनाला फार लागलेलं आहे.

बरं, मग ज्याला वर्षाच्या मध्येच पगार वाढवून हवाय त्याचं काय? तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि ती मिळवायला कारण लागतं, आणि व्यवहारात मान्य होणारं कारण एकच, समोरच्याने पेपर टाकलेत, म्हणजे राजीनामा दिलाय, किंवा त्याच्या हातात ऑफर आहे. चांगलं काम करतोय हे कारण चालत नाही, त्यासाठी अप्रेजल, म्हणजे वर्षाचं कामाचं मूल्यमापन, आहे ना, असं उत्तर येतं. दुसरीकडे नवीन माणूस घ्यायचा तर त्याचं बजेट वेगळ्याच खात्यातून येतं, तिथे मार्केट रेटने पैसे दिले जातात. म्हणजे जुना माणूस ८ लाखांवर, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाहेरून आलेला १२ लाखांवर, आणि जुन्यानेच नव्याला काम शिकवायचं. हे मी कितीदा पाहिलंय.

साधा हिशोब करून बघा. ६ लाखांवर असलेल्याला पाच वर्षं दर वर्षी ७ टक्के वाढ मिळाली तर होतात साधारण ८ लाख ४० हजार. ऐकायला बरं वाटतं. पण महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर त्याला नुसतं जागच्या जागी राहायलाच ७ लाख ६५ हजार लागतात. पाच वर्षांच्या अनुभवाची, शिकलेल्या नवीन टेक्नॉलॉजीची, रात्रीच्या सपोर्ट कॉल्सची खरी वाढ, पाच वर्षांची मिळून, झाली वर्षाच्या पगारात फक्त पाऊण लाख. आणि फ्रेशरचं तर विचारूच नका. मी लीड व्हायच्या आधीपासून मोठ्या आयटी कंपन्यांचा फ्रेशरचा पगार ३ ते साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतोय, वाकड हिंजवडीची भाडी मात्र थांबलेली नाहीत. ३ लाख ६० हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, म्हटलं की गावाकडच्यांना महिना ३० हजार वाटतात, पण त्यातून कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर ठरणारा व्हेरिएबल, मग स्वतःचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स असं वजा करत गेलं की हातात साडेबावीस तेवीस हजार येतात. ग्रॅच्युइटी तर गंमत नाही, खरंच विचार करा, कायम नोकरीवाल्याला साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय जी मिळतच नाही ती पहिल्या महिन्यापासून पॅकेजमध्ये मोजलेली असते.

वडिलांचं मीठ खाल्ल्याचं जे म्हणणं आहे ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण माझे बाबाही तेच म्हणायचे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. पण आता मागे वळून बघते तेव्हा लक्षात येतं की बाबांना आयुष्यात एकदाही साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन एकट्याने पगार मागावा लागला नाही. तीन वर्षांनी वेतन करार व्हायचा, त्याच्या आधी युनियनच्या मागण्यांची यादी निघायची, गेट मीटिंग व्हायची, चार चार महिने बोलणी रखडायची, आणि करार झाला की नोटीस बोर्डावर आकडा लागायचा, कुठल्या ग्रेडला किती, पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती. त्या संध्याकाळी बाबा पेढे घेऊन यायचे आणि आई विचारायची किती बसले, मग दोघं मिळून शेजारच्या काकांच्या पगाराचापण हिशोब करायचे कारण तो सगळ्यांना माहीतच असायचा. बाबांची निष्ठा खरी होती, पण तिच्या पाठीमागे एक करार होता आणि कायद्याने तो दोन्ही बाजूंना बांधून ठेवायचा. आमच्या पिढीकडून तीच निष्ठा मागितली जाते आणि करार मात्र प्रत्येकाने एकेकट्याने, बंद काचेच्या केबिनमध्ये, दुसऱ्याचा पगार किती हे माहीत नसताना करायचा. मग त्या केबिनमध्ये जाताना माणसाने बाहेरची एखादी ऑफर सोबत नेली तर त्याला कृतघ्न कसं म्हणायचं? त्याच्याकडे दुसरं आहे काय.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. २०१४ मध्ये, तेव्हाच्या कंपनीत, मी डायरीचं एक पान भरून तयारी केली होती, कुठली मॉड्यूल्स मी एकटीने सांभाळली, क्लायंटची कौतुकाची मेल्स, सगळं. मॅनेजर चांगला माणूस होता, त्याने ऐकून घेतलं, म्हणाला तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे पण या वर्षी बजेट नाही, पुढच्या अप्रेजल सायकलला बघू. पुढच्या सायकलला ६ टक्के. मी शोधायला लागले, चार महिन्यांत ऑफर आली, पेपर टाकले, आणि दोन दिवसांत, खरंच दोन दिवसांत, त्याच बजेटमधून ३० टक्के निघाले. मी मूर्खासारखी खुश झाले आणि थांबले. पुढच्या एप्रिलला शून्य. का, तर तुझं करेक्शन आत्ताच झालंय ना. शिवाय महत्त्वाच्या नवीन प्रोजेक्टला माझं नाव नव्हतं कारण ही कधीही जाईल असं वर कुणीतरी म्हणालं होतं. दहाव्या महिन्यात मी सोडलं. त्या ३० टक्क्यांनी मला आनंद झाला असेल तर तो आठवडाभरच, नंतर एकच विचार यायचा की हे पैसे होते तर मग आधी का नव्हते.

म्हणून माझं म्हणणं असं की मागायचं ते ऑफर येण्याच्या आधी मागावं. शोध चालू असला तरी. आधी मागितलं की तुम्ही कंपनीला खरी संधी दिलेली असते आणि तुमचं मनही साफ राहतं. मागताना घराचा हप्ता, मुलाची फी हे सांगू नका असं मी मुलांना सांगते, ते खरं असतं, महत्त्वाचं असतं, पण त्या एक्सेल शीटमध्ये त्याला खाना नाही. काम काय वाढलंय ते सांगा, आकडा सांगा, तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाका की आपलं असं बोलणं झालं, अमुक तारखेपर्यंत कळवाल असं ठरलं. तारीख गेली की गेली. इंटरव्ह्यू देतोय हे आपणहून सांगायची गरज नाही, कंपनी पण बेंचवरच्या, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेल्या, लोकांना कधी कमी करणार हे आपणहून सांगत नाही. पण समोरून थेट विचारलं तर खोटं बोलू नये, मार्केटमध्ये काय चाललंय ते बघतोय एवढं म्हणायला कुणाची भीती नाही. आणि नसलेली ऑफर आहे म्हणून सांगणं, याला माझा साफ विरोध आहे. एकदा पकडलं गेलं की तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच संशयाने बघितलं जातं.

ऑफर स्वीकारून ऐन जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून ठेवणं यालाही मी चूक म्हणते, पण हे का होतं तेही बघायला हवं. राजीनाम्यानंतर नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड! तीन महिने. नव्या कंपनीला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो, रिक्रूटर पहिल्या वाक्यात विचारतो इमिजिएट जॉइनर आहात का, आणि जुनी कंपनी नव्वद दिवस सोडत नाही, रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवते. बरेचदा कंपनीला मात्र नोटीसचा, तोही कित्येक ठिकाणी फक्त मूळ (बेसिक) पगार देऊन त्याच दिवशी घरी पाठवायची सोय करारात असते. मग लोक काय करतात, हातात काही नसताना पेपर टाकतात आणि त्या नव्वद दिवसांत ऑफर गोळा करत बसतात, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. २०२२ मध्ये इन्फोसिसचं वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, म्हणजे अ‍ॅट्रिशन २८.४ टक्क्यांवर गेलं होतं, टीसीएसचं २१.५ टक्क्यांवर, तेव्हा सगळीकडे या पिढीला निष्ठाच नाही अशी रड होती. पण त्याच २०२२ च्या बॅचची कितीतरी मुलं पुढे ऑफर लेटर हातात धरून दोन दोन वर्षं जॉइनिंगच्या मेलची वाट बघत घरी बसली, पुण्यातल्या नाइट्ससारख्या कर्मचारी संघटनेला त्यासाठी केंद्र सरकारकडे तक्रारी कराव्या लागल्या. शब्द पाळायचा तर तो दोघांनी पाळायचा ना.

आता यातला सगळ्यात घातक प्रश्न, जो आपल्याला इतका अंगवळणी पडलाय की तो चुकीचा आहे हेच वाटत नाही. तुमचा करंट सीटीसी किती? नवीन कामाची किंमत जुन्या पगारावरून का ठरावी? दोन माणसं एकाच पदासाठी येतात, एकाच लायकीची, एक ६ लाखांवर, दुसरा ९ लाखांवर. दोघांना ३० टक्के वाढवून दिले. एक ७ लाख ८० हजारांवर, दुसरा ११ लाख ७० हजारांवर. तीन लाखांचा फरक ३ लाख ९० हजार झाला, आणि काम एकच. ज्याची सुरुवात कमी पगारावर झाली, लहान शहरातल्या कॉलेजमधून आला म्हणून, इंग्रजी अडखळत बोलला म्हणून, तो आयुष्यभर तेच ओझं घेऊन फिरतो. आणि बायकांचं तर याहून वाईट. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, चांगलंच झालं, पण त्या वर्षी रेटिंग अर्धवट धरलं जातं, हाइक नावाला मिळते, काही जणी दोन वर्षं घरी थांबतात, आणि परत आल्यावर लास्ट ड्रॉन सॅलरी, म्हणजे शेवटचा पगार, विचारली जाते. तिथेच त्या कायमच्या मागे पडतात. एकाच कामाला बाई म्हणून कमी पगार देऊ नये हे १९७६ च्या कायद्यात होतं, आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पण शेजारच्याचा पगार किती हे कळायची सोयच नसेल तर ती बाई दाद मागणार कशाच्या जोरावर?

हे बदलता येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा केला की ऑफर देण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायचा नाही, कॅलिफोर्नियात २०१८ पासून बंदी आहे, कोलोरॅडोत २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची रेंज लिहावी लागते. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये जुना पगार विचारू नये आणि पगाराची रेंज जाहिरातीत किंवा मुलाखतीआधी सांगावी असा निर्देश काढला आणि सदस्य देशांना जून २०२६ ची मुदत दिली. आणि गंमत म्हणजे याच कायद्यांखाली काम करणाऱ्या क्लायंटसाठी आमची मुलं हिंजवडीत, खराडीत बसून त्यांच्या एचआरची सॉफ्टवेअर बनवतात. जाहिरातीत पगाराची रेंज दाखवायचा रकाना मी स्वतः टेस्ट केलाय. तो रकाना आपल्याकडे बंद असतो.

पगार उघड झाले तर ऑफिसात भांडणं लागतील असं नेहमी सांगितलं जातं. आपल्याकडे सरकारी नोकरांचे पगार उघड आहेतच की. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता कुणीही उघडून बघू शकतं, १८ लेव्हल, खाली १८ हजार बेसिक, वर अडीच लाख. गावात झेडपीच्या गुरुजींना किती मिळतात हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि गुरुजींची एकमेकांत त्यावरून मारामारी झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. भांडण लागतं ते फरकाचं कारण सांगता येत नाही तेव्हा. हाइक लेटरमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की ही माहिती गोपनीय आहे, कुणाशी बोलू नये, त्या गोपनीयतेने फायदा कुणाचा होतो ते वरच्या ८ लाख आणि १२ लाखांच्या खुर्च्यांवरून कळतंच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करते, हे सगळं मी मोठ्या कंपन्या डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. माझा मामेभाऊ भोसरी एमआयडीसीत बारा माणसांचं वर्कशॉप चालवतो, मोठ्या कंपनीकडून पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, त्याच्याकडे सीएनसी ऑपरेटरने पगार वाढवून मागितला की तो खरंच रात्री झोपत नाही. तिथे बजेट नाही म्हणजे खरंच बजेट नसतं. पण तो काय करतो, वही काढून समोर ठेवतो, म्हणतो हे बघ एवढं येणं बाकी आहे, दिवाळीपर्यंत थांब, नाहीतर चाकणला जास्त मिळत असेल तर जा, मी अडवणार नाही. गेल्या वर्षी एक जण गेला आणि भावाने त्याचा हिशोब त्याच आठवड्यात पूर्ण केला. हजारो माणसं आणि अख्खं एचआर खातं असलेल्या कंपन्यांना एवढं उघडपणे बोलता येत नाही हे मला पटत नाही.

टपरीवर त्या मुलीला मी एवढंच म्हणाले की फसवणूक वगैरे काही नाही, तू आधी माग, लेखी माग, आणि शोध थांबवू नकोस. तिने मागच्या आठवड्यात मेल पाठवली, मला कॉपीत ठेवून. नीट लिहिली होती, आकडा पण लिहिला होता, सध्याच्या पगारापेक्षा ३५ टक्के जास्त, आणि तो जास्त नाही, कारण तिच्याच कामासाठी आम्ही बाहेरून माणूस घेतोय त्याला याहून जास्त देणार आहोत, हे मला माहीत आहे आणि तिला सांगायची मला परवानगी नाही. म्हणून मी तिच्या मेलला रिप्लाय करून माझ्या मॅनेजरला लिहिलंय की ती निघायची वाट न बघता हे आत्ता करायचंय, ऑफर लेटर मागू नका, माझा शब्द पुरे समजा. बुधवारी मीटिंग आहे. शीटमधला तो शेवटचा कॉलम या वेळी मी सगळ्यांच्या पुढे रिकामा ठेवून पाठवलाय.